पीक विमा : मधला माणूस कुठे गेला?



गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपून लोक बाहेर पडत होते. पेडण्याकडचे एक वयस्क शेतकरी हातात बँकेचे पासबुक घेऊन आवारातच थांबले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुता, आमच्या शेताचा विमा आहे की नाही, ते कुणाला विचारायचे? पूर्वी बँकेत पैसे कापायचे. आता कापतच नाहीत."

मी पासबुक उघडून पाहिले. २०१९ च्या खरिपापर्यंत दरवर्षी जुलैच्या सुमारास एक लहानशी रक्कम विम्यासाठी वजा झालेली होती. त्यानंतर एकदाही नाही. कर्ज मात्र ते दरवर्षी घेत होते व वेळेवर फेडत होते. पुढे चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यात "मला विमा नको" असे छापलेला एक कागद होता आणि त्याच्याखाली त्यांची सही होती. "जिथे बोट ठेवले तिथे सही केली," एवढेच ते म्हणाले. बँकेचे नाव इथे घेण्याचे कारण नाही. ही गोष्ट एकाच बँकेची असेल असेही नाही.

या आजोबांना काय झाले हे समजून घ्यायचे असेल तर थोडे दिल्लीकडे पाहावे लागेल. आपण शेती करतो गावात, पण पीक विम्याचे नियम ठरतात दिल्लीत. ते नियम बदलले की सर्वात आधी बदलतो तो कंपनी आणि शेतकरी यांच्यामधला माणूस. तो कधी बँकेचा कारकून असतो, कधी सोसायटीचा सेक्रेटरी, कधी विमा एजंट, तर कधी सेवा केंद्रावर संगणकापुढे बसलेला मुलगा. त्याला पैसे कशाचे मिळतात, यावर तो आपल्या दारी येणार की नाही हे ठरते.

आधी एक गैरसमज दूर करूया. पीक विम्याचा "कायदा" असा आपल्या देशात नाही. राज्यघटनेप्रमाणे शेती हा राज्यांचा विषय आणि विमा हा केंद्राचा. पीक विमा या दोन्हींच्या मेरेवर उभा आहे. १९६५ साली केंद्राने पीक विम्याचे विधेयक आणि एक आदर्श योजना तयार करण्याचे ठरवून तो मसुदा राज्यांकडे पाठवला होता. खर्चाचा वाटा कोण उचलणार, यावर गाडे अडले. त्यानंतर जे काही झाले ते योजनांच्या रूपाने, म्हणजे मार्गदर्शक सूचना काढून. संसदेत कायदा बदलायचा तर चर्चा होते, वर्तमानपत्रात येते. मार्गदर्शक सूचना बदलते तेव्हा एक परिपत्रक निघते, आणि ते आपल्या गावात पोचेपर्यंत पेरणी होऊन जाते.

पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ डॉ. वि. म. दांडेकर यांना भारतातील पीक विम्याचे जनक मानतात. एकेका शेतकऱ्याचे शेत मोजत बसण्यापेक्षा एका परिसराचे सरासरी उत्पन्न काढावे आणि ते घटले तर त्या परिसरातील सर्व विमेदारांना सारख्या प्रमाणात भरपाई द्यावी, असा विचार त्यांनी मांडला. १९७९ पासून या धर्तीवर प्रयोग झाले आणि १९८५ च्या खरिपापासून सर्वंकष पीक विमा योजना आली. त्या योजनेत विमा फक्त पीक कर्ज घेणाऱ्यालाच होता. हप्ता कर्जातूनच वळता होई, भातासारख्या तृणधान्याला २ टक्के आणि कडधान्य व तेलबियांना १ टक्का. मधल्या माणसाचा प्रश्नच नव्हता. सोसायटी नाव लिहून घेई आणि पुष्कळांना आपला विमा उतरला आहे याचा पत्ताही नसे.

१९९९ मध्ये राष्ट्रीय कृषी विमा योजना आली आणि कर्ज न घेणाऱ्यालाही दार उघडले. पण त्याने स्वतः उठून बँकेत जायचे होते. भारतीय कृषी विमा कंपनी २००२ साली स्थापन झाली खरी, पण तिचा माणूस गावोगावी कुठून असणार? जो कर्जदार तो आपोआप विमेदार, बाकीचे बाहेर, असेच चित्र राहिले.

मग २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री फसल विमा योजना लागू झाली. शेतकऱ्याने विमा रकमेच्या फक्त २ टक्के भरायचे खरिपासाठी, दीड टक्का रब्बीसाठी, आणि ऊस, बागायती अशा पिकांसाठी ५ टक्के. बाकीचा हप्ता केंद्र आणि राज्य यांनी निम्मा-निम्मा भरायचा. या योजनेत खाजगी कंपन्या आल्या, त्यांचे एजंट आले, आणि सामायिक सेवा केंद्रेही आली. कर्जदाराला विमा अजूनही सक्तीचाच होता.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने ही सक्ती काढून टाकली. शेतकऱ्याला स्वातंत्र्य मिळाले हे चांगलेच झाले. आपल्या मर्जीविरुद्ध पैसे कापलेले कुणाला आवडतात? पण नियम असा झाला की ज्या कर्जदाराला विमा नको असेल त्याने शेवटच्या तारखेच्या सात दिवस आधी तसे लिहून द्यावे, नाहीतर तो धरला जाईल. आपल्या आजोबांनी तसे लिहून दिले होते. फक्त, काय लिहून दिले ते त्यांना ठाऊक नव्हते.

याच वेळी आणखी एक बदल झाला. केंद्राने आपला वाटा किती हप्त्यापर्यंत द्यायचा यावर मर्यादा घातली. कोरडवाहू क्षेत्रात हप्त्याचा एकूण दर ३० टक्क्यांपर्यंत आणि बागायती क्षेत्रात २५ टक्क्यांपर्यंत असेल तरच केंद्राचा निम्मा वाटा. त्यावरचा भार राज्याचा. साहजिकच राज्येही हात आखडून कोणती पिके आणि कोणती क्षेत्रे अधिसूचित करायची हे ठरवू लागली.

आता खरा मुद्दा. मधल्या माणसाला काय मिळते?

नियमाप्रमाणे बँकेला किंवा सोसायटीला, शेतकऱ्याकडून गोळा केलेल्या हप्त्याच्या ४ टक्के सेवाशुल्क विमा कंपनी देते. एजंटाला कंपनीने ठरवलेले कमिशन मिळते, विमा नियामकाच्या मर्यादेत. सेवा केंद्रवाल्याला दर अर्जामागे ठराविक रक्कम. हिशेब करून पाहूया. समजा, विमा रक्कम हेक्टरी ८०,००० रुपये धरली (ही केवळ उदाहरणाची रक्कम आहे). आपल्याकडे साध्या कुटुंबाचे भातशेत दोन हजार चौरस मीटर, म्हणजे पाचवा हिस्सा हेक्टर. विमा रक्कम झाली १६,००० रुपये. त्याचे २ टक्के, म्हणजे शेतकऱ्याचा हप्ता ३२० रुपये. त्याचे ४ टक्के किती? १२ रुपये ८० पैसे.

बारा रुपये ऐंशी पैशांसाठी कासारवर्ण्याच्या डोंगरावर किंवा साळच्या नदीकाठी कोण येईल? स्कूटरच्या पेट्रोलला तरी पुरेल का? दुसरीकडे पाच हेक्टर ऊस असलेला घाटावरचा शेतकरी घ्या. हेक्टरी दीड लाख धरून ५ टक्क्यांनी त्याचा हप्ता होतो ३७,५०० रुपये आणि त्यावरचे ४ टक्के होतात १,५०० रुपये. तिथे माणूस घरी येतो, चहा पितो आणि फॉर्मही भरून देतो. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत पीक विमा एजंट सहसा दिसत नाही याचे कारण आपल्या लोकांचा आळस नव्हे. आपल्या शेतांचे आकार आहे. सक्ती होती तोवर बँकेला ते काम करावेच लागे. सक्ती गेली आणि लहान शेतकऱ्याकडे येण्याचे कारणही गेले.

अमेरिकेत याच गोष्टीवर मोठे राजकारण चालते. तिथे १९३८ साली संघराज्य सरकारने पीक विमा सुरू केला आणि १९८० च्या कायद्याने विक्रीचे काम खाजगी कंपन्यांच्या एजंटांकडे जोमाने दिले. कंपन्यांचा व्यवस्थापन खर्च सरकार भरून देते आणि त्यातून एजंटाचे कमिशन निघते. धान्याचे भाव चढले की हप्ते चढत आणि कमिशनही चढे. शेवटी २०१० च्या सरकार-कंपनी कराराने त्याला वरची मर्यादा घातली. त्यावर एजंटांनी केवढा गदारोळ केला! पण तिथल्या एजंटाचा गिऱ्हाईक शेकडो एकरांचा धनी. त्याला सोडून जाणे परवडणारे नव्हते.

पैसे अर्जामागे मिळू लागले तर काय होते, हे आपल्या शेजारीच पाहायला मिळाले. महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याला एक रुपयात पीक विमा दिला; बाकीचा हप्ता राज्याने भरला. केंद्रचालकाला दर अर्जामागे ४० रुपये कंपनीकडून. अर्जांचा पूर आला. त्यात खोटे अर्जही आले, सरकारी जमिनीवरचे, देवस्थानांच्या जमिनीवरचे, जिथे पीकच नाही अशा जागांचे. काही केंद्रांवर शेतकऱ्याकडूनही वर पैसे घेतल्याच्या तक्रारी झाल्या. २०२५ च्या खरिपापासून ती एक रुपयाची सवलत बंद झाली आणि प्रामाणिक शेतकऱ्यालाही पुन्हा पूर्ण वाटा भरावा लागला. बांदा-सावंतवाडीकडे आपले सोयरे आहेत, त्यांना विचारा.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच आहे. मधल्या माणसाची कमाई अर्ज भरताना होते, भरपाई मिळवून देताना होत नाही. नुकसान झाल्यावर तुमच्यासाठी धावपळ करण्याचे त्याला काहीच मिळत नाही. म्हणून ते काम आपल्यालाच शिकावे लागेल.

भरपाई दोन वाटांनी मिळते. पहिली वाट दांडेकरांची. गावाच्या किंवा पंचायतीच्या हद्दीत काही ठराविक जागी पीक कापणी प्रयोग करून सरासरी काढतात. गेल्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून "उंबरठा उत्पादन" ठरलेले असते. समजा ते हेक्टरी ३,००० किलो आहे आणि यंदा २,४०० किलोच निघाले. तर घट २० टक्के, आणि विमा रकमेच्या २० टक्के सर्वांना. यासाठी अर्ज करावा लागत नाही. पण गावाची सरासरी चांगली आली आणि एकट्या तुमचेच शेत बुडाले, तर या वाटेने काहीच नाही.

दुसरी वाट वैयक्तिक नुकसानीची. गारपीट, दरड कोसळणे, ढगफुटी, वीज पडून लागलेली आग, पाणी तुंबणे, तसेच कापून शेतात पसरलेले पीक १४ दिवसांच्या आत अवकाळी पावसाने भिजणे. यासाठी ७२ तासांच्या आत कळवावे लागते. आता ऐका. २०१८ साली भाताच्या बाबतीत "पाणी तुंबणे" हे कारण यातून वगळले गेले. भात हे पाण्यातलेच पीक, नुकसान खरे की खोटे कसे ठरवणार, असा विचार झाला असावा. २३ जुलै २०२१ रोजी तिलारीचे पाणी येऊन शापोरा नदीने इब्रामपूर, हसापूर, चांदेल आणि पलीकडे साळ या गावांत हाहाकार केला, तेव्हाही हा नियम लागू होता. नदीकाठचा मळा गेला आणि गावच्या वरच्या बाजूची शेते वाचली, तर नदीकाठच्याने विम्यातून मागायचे तरी कशाच्या आधारावर?

हा नियम आता मागे घेतला गेला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने जाहीर केले की २०२६ च्या खरिपापासून भातशेतीत पाणी तुंबून झालेले नुकसान पुन्हा वैयक्तिक भरपाईत धरले जाईल. त्याबरोबरच वन्य प्राण्यांनी केलेले नुकसानही विम्यात घेण्याची वाट मोकळी केली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये "ओंकार" नावाने ओळखला जाणारा हत्ती सिंधुदुर्गातून पेडण्यात उतरला आणि मोपा, तोरसे, तांबोसे, उगवे भागात भात, केळी, माड यांत फिरला, हे कुणी विसरलेले नाही. डिचोलीच्या बाजूला गवेरेडे, रानडुकरे आणि माकडे यांची तक्रार तर बारमाही आहे. पण नीट वाचा: कोणते प्राणी आणि कोणते भाग यात धरायचे हे राज्याने अधिसूचित करायचे आहे. ते झाले आहे का, हे आपल्या विभागीय कृषी कार्यालयात विचारणे आपले काम. दहा पंचायतींतून दहा लेखी अर्ज गेले तर विचारणा जरा वजनदार होते.

डिचोलीच्या खाणपट्ट्यातील बांधवांना एक कटू गोष्ट सांगायला हवी. खाणीचा गाळ वाहून शेतात बसला तर तो या विम्यात येत नाही. टाळता येण्याजोगे, माणसाने केलेले नुकसान योजनेबाहेर आहे. त्यासाठी मामलेदार, कृषी खाते आणि खाण चालवणारा यांच्याकडेच जावे लागेल. विमा एजंटाने "सगळे येते" असे सांगितले तर विश्वास ठेवू नये. राज्याचा शेतकरी आधार निधी हा वेगळा आहे. तो विमा नव्हे, सरकारी मदत आहे, आणि त्याचा अर्ज कृषी कार्यालयातच करायचा असतो. पुष्कळ लोक दोन्हींची गल्लत करतात आणि एकाचा अर्ज करून दुसऱ्याची वाट पाहत बसतात.

कागदांविषयी थोडे. आपल्या ख्रिस्ती घरांत शेत बहुधा अजून आजोबांच्या नावावर असते. वाटणी झालेली नसते; एक भाऊ आखातात, एक बहीण मुंबईत, आणि कसणारा तिसराच. एक-चौदाच्या उताऱ्यावर कसणाऱ्याचे नाव नसेल तर अर्ज अडतो. कुळाने शेत केले असेल तर त्यालाही विमा उतरवता येतो. योजना कुळाला आणि वाट्याने करणाऱ्याला बाहेर ठेवत नाही, मात्र राज्याने सांगितलेला पुरावा लागतो. कुळाच्या रकान्यात नाव चढलेले आहे का हे आजच तलाठ्याकडे पाहून घ्यावे. भावंडांचे संमतीपत्र मे महिन्यात, सुट्टीवर आलेली माणसे घरी असताना करून घ्यावे. जुलैत ते जमत नाही. खरिपाची शेवटची तारीख बहुधा ३१ जुलै असते. त्या आठवड्यात संगणक बंद पडला असे नेहमी ऐकू येते.

हप्ता भरल्यावर पावती आणि अर्ज क्रमांक मागून घ्या. पावतीवर गावाचे नाव, पिकाचे नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र बरोबर आहे का पाहा. बँकेने हप्ता कापला पण नाव पोर्टलवर चढवले नाही, किंवा चुकीचे गाव लिहिले, तर त्या चुकीची जबाबदारी नियमाप्रमाणे बँकेवर येते. पण पावती नसेल तर सिद्ध काय करणार? आणि कर्जाच्या वेळी सही करण्याआधी प्रत्येक कागद मुलाकडून किंवा नातवाकडून वाचून घ्या. कारकुनाला घाई असली तरी आपल्याला नसावी.

नुकसान झालेच, तर १४४४७ या क्रमांकावर फोन करा किंवा पीक विम्याच्या मोबाईल अॅपवरून कळवा. शेतात उभे राहून फोटो काढा. त्यात जागेची नोंद आपोआप होते. ७२ तासांची मोजणी नुकसान झाल्यापासून होते, पाणी ओसरल्यापासून नव्हे. फोटो काढायला तुंबलेल्या पाण्यात अनवाणी उतरू नका, ही आरोग्याची सूचना याच पानावर द्यायला हवी. पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत मिसळलेले असते आणि पायाला चीर असली की लेप्टोचा ताप तिथूनच शिरतो. गमबूट घाला, जखम झाकून घ्या, आणि शेतातून आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही दिसले तर घरगुती काढ्यावर न थांबता सरकारी आरोग्य केंद्रात जा. पाण्यात गेलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

मधला माणूस येत नाही तर आपणच एक माणूस नेमता येईल का? प्रत्येक वाड्यावर बारावी झालेला, मोबाईल हाताळणारा एखादा मुलगा किंवा मुलगी असतेच. जूनमध्ये एका रविवारी वाड्यातल्या सर्वांचे उतारे, आधार कार्ड आणि पासबुके एकत्र करून वीस-पंचवीस अर्ज एकदम सेवा केंद्रावर नेले, तर केंद्रवाल्यालाही ते परवडते आणि चुकाही एकत्र बसून तपासता येतात. कणसांच्या फेस्ताला भात अजून कोवळे असते; तोपर्यंत पावत्या हातात आलेल्या असाव्यात.

ते आजोबा परवा पुन्हा भेटले. "नको" म्हणून दिलेला जुना कागद पुढल्या हंगामाला लागू धरू नये, आपल्याला विमा हवा आहे, असा अर्ज त्यांनी बँकेत दिला आहे. पोचपावती पासबुकातच जपून ठेवली होती, आणि मला ती दोनदा वाचून दाखवायला लावली.